गावच्या घराला कुंपण घालताय? आधी कागद, मग शेजारी, मग दगड

मुंबई-पुण्यात राहणारी आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात घर असलेली बरीच मंडळी हल्ली गावच्या घराची डागडुजी करतात. छप्पर झालं, संडास-बाथरूम झालं की पुढचा विषय निघतो तो कुंपणाचा. मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या आवाराला कुंपण घातलं, तेव्हा सगळी माहिती एका ठिकाणी कुठेच मिळेना. गवंडी भिंतीचं सांगायचा, तलाठी कार्यालयात सातबाऱ्याचं कळायचं, जाळीवाला गेजचं, म्हणजे तारेच्या जाडीचं बोलायचा. मधल्या जागा आपण भरायच्या. त्या मधल्या जागांसाठीच हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. कुंपणाचं निम्मं काम पहिला खड्डा मारण्याआधी होतं. हद्द, वाट आणि पाणी ही तीन कोडी सुटली असतील, तर गवंड्याचं काम सरळ आहे. ती सुटली नसतील, तर सर्वांत महाग जाळीसुद्धा पुढच्या गणपतीपर्यंत भांडणाचं कारण होते.

1. कुंपण कशासाठी, ते आधी ठरवा

“सगळ्यासाठी” हे उत्तर चालत नाही. भातकापणी झाली की गावात गुरं मोकळी सुटतात. ती आवारात येऊ नयेत एवढंच हवं असेल, तर साडेतीन फुटांचा गडगा, म्हणजे सुक्या दगडांची भिंतही पुरते. डुक्कर येत असेल तर उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा, कारण डुक्कर वरून येत नाही, खालून उकरतं. गवा येत असेल तर त्याला जाळी आणि काटेरी तार दोन्ही अडवत नाहीत. माकडं आणि वानर यांच्यासाठी कुठलंच कुंपण नाही. कोणी “माकडं येणार नाहीत” असं सांगून दर वाढवत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

घर वर्षाचे दहा महिने बंद असतं आणि जागेवर कोणी सरकू नये म्हणून कुंपण हवंय, असंही असतं. तसं असेल तर भिंतीपेक्षा हद्दीच्या खुणा आणि मोजणीचा नकाशा यांना जास्त किंमत आहे. पैसा आधी तिकडे घाला.

2. जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा

कोकणातली निम्मी भांडणं इथे सुरू होतात. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबारा सामायिक, त्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली काही हयात नाहीत, असं चित्र घरोघरी आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, म्हणजे घराची आकारणी, हा मालकीचा पुरावा नव्हे. तो कर कोण भरतं एवढंच सांगतो.

घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका काढा. वाडीतलं घर असेल तर ते बहुतेक वेळा गावठाणाबाहेर असतं आणि त्याचा सातबारा असतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. त्यावरचं क्षेत्र, इतर हक्कातल्या नोंदी आणि कुळाचं नाव नीट वाचा. खरेदीची जागा असेल तर खरेदीखतातल्या चतुःसीमा सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी जुळतात का, तेही ताडून बघा.

सातबारा सामायिक असेल तर आपल्या वहिवाटीच्या भागाला कुंपण घालण्याआधी भावकीशी बोला आणि झालेलं बोलणं कागदावर घ्या. सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेणं. त्याला वेळ लागतो आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. तोवर कुंपण थांबत नसेल, तर निदान ज्यांच्या वहिवाटी आपल्याला लागून आहेत त्यांच्या सह्यांचं संमतीपत्र करा. त्यात एक वाक्य जरूर घाला: हे कुंपण वहिवाटीच्या सोयीसाठी असून त्यामुळे कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही. या एका वाक्याने चुलते शांत होतात, कारण त्यांची खरी भीती तीच असते.

3. हद्द कायम मोजणी करून घ्या

“आमच्या आजोबांनी लावलेला हा फणस म्हणजे आमची हद्द” हे गावात चालतं, कार्यालयात चालत नाही. भूमि अभिलेख खात्याच्या तालुक्यातल्या उपअधीक्षक कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज ई-मोजणी प्रणालीत भरला जातो. मोजणीचे आता नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी जास्त. फी क्षेत्राप्रमाणे ठरते, म्हणून अर्जाच्या वेळचा दर तिथेच बघा.

अर्जासोबत काय लागतं:
— ताजा सातबारा, किंवा गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका
— अर्जदाराचा ओळखपत्राचा पुरावा
— मोजणी फी भरल्याचं चलन
— चारी बाजूंच्या लगतच्या खातेदारांची नावं आणि पत्ते
— सामायिक जमीन असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र
— स्वतः हजर राहता येणार नसेल तर दुसऱ्याला दिलेलं अधिकारपत्र

यातली चौथी ओळ हलक्यात घेऊ नका. लगतच्या खातेदारांना मोजणीची नोटीस जाते. शेजारी ठाण्याला राहतो आणि तुम्ही त्याचा गावचा पत्ता दिलात, तर नोटीस त्याच्या बंद घराच्या ओटीवर पडून राहते. पुढे तो म्हणतो, मला कळवलंच नाही. म्हणून त्याचा चालू पत्ता शोधा आणि वर फोनही करा. “काका, बावीस तारखेला मोजणी आहे, तुम्ही स्वतः उभे राहा, तुमच्या समोरच खुणा होऊ देत,” असं आधीच सांगितलं की मोजणीच्या दिवशी आवाज चढत नाहीत.

मोजणीच्या आधी हद्दीवरचं रान साफ करून घ्या. भूकरमापक रोव्हर यंत्राने, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजत असला तरी त्याला कोपऱ्यापर्यंत चालत जायला वाट हवी, आणि करवंदीच्या जाळीत कोणी शिरत नाही. पावसात आणि पावसानंतर लगेच गवत कमरेएवढं असतं, त्यामुळे दिवाळीनंतरची तारीख सोयीची. चुन्याची पिशवी, पहार, हातोडा आणि पक्क्या खुणांसाठी दगड तयार ठेवा. चुना पहिल्या सरीत वाहून जातो. ज्या ठिकाणी खूण दाखवली, तिथे सगळ्यांच्या समोर, त्याच दिवशी दगड पुरा. दगड पुरताना, मागे घर किंवा झाड दिसेल असा प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा.

मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तोच तुमचा पुढचा आधार. मोजणी कोणाला मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, म्हणून शेजाऱ्याचा आक्षेप असेल तर तो निकालात निघेपर्यंत त्या बाजूला हात लावू नका. बाकीच्या तीन बाजूंचं काम चालू ठेवा.

मोबाइलवरचा महाभूनकाशा बघून कुंपण आखणारे लोक मला भेटलेत. तो नकाशा गट कुठे आहे, आकार कसा आहे, शेजारी कोणता गट आहे हे कळायला उत्तम. फुटाच्या हिशोबाने हद्द ठरवायला तो नाही.

4. वाटा, पाखाड्या आणि पालखी

तुमच्या आवारातून कोण कोण जातं, ते वर्षभराच्या हिशोबाने बघा. मे महिन्याच्या सुट्टीत जी वाट मोकळी दिसते, तिथून जूनमध्ये शेतावर जाणारी माणसं जातात, शाळेची मुलं जातात, विहिरीवर जायचं असतं. वरच्या वाडीची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, तुमच्या अंगणाच्या कडेने उतरत असेल, तर ती कागदावर दिसो न दिसो, तिच्यावर भिंत घालू नका.

कायदाही इथे जाणाऱ्याच्या बाजूने भक्कम आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट देऊ शकतात. आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला म्हणून सहा महिन्यांच्या आत दावा झाला, तर बांधलेलं काढायला लावता येतं. ही तिसरी तरतूद गावात सर्वांना ठाऊक असते.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट शिमग्याची. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि तिची वाट ठरलेली असते. पालखी कुठून येते, कोणत्या अंगणात नाचते, कुठून बाहेर पडते, हे गावकरांना आणि मानकऱ्यांना विचारा. तिथे फाटक ठेवा, आणि ते पालखीच्या आडव्या दांड्यासकट माणसं खांद्यावरून नेतील एवढं रुंद ठेवा. आमच्या वाडीत हे विचारायला गेले तेव्हा म्हाताऱ्या मानकऱ्यांनी काठीने जमिनीवर दोन रेघा ओढून रुंदी दाखवली. त्यांना विचारलं, याचाच त्यांना आनंद झाला होता. पुढे कुंपणाच्या कामाला लागणारी माणसंही त्यांच्याच शब्दावर मिळाली.

काम सुरू करताना नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं घालायची रीत आहे. तेव्हा शेजाऱ्यांना बोलवा. सगळ्यांच्या देखत पहिला दगड बसला की नंतर कुजबुज राहत नाही.

5. परवानगी

ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बांधकामावर नियंत्रणाची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 मध्ये आहे, तर सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार कलम 53 मध्ये. सुक्या दगडाच्या गडग्याला कोणी परवानगी विचारत नाही. पण रस्त्याच्या बाजूला पक्की भिंत घालणार असाल तर अर्ज आणि त्याचं उत्तर हातात असू दे.

उंचीचे नियम लक्षात ठेवा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू आहे, रस्त्याकडची सलग भिंत दीड मीटरपर्यंत घालता येते. त्याहून उंच, 2.4 मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे आरपार दिसेल असा हवा. जागा दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असेल तर कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत सलग भिंत 0.75 मीटरच ठेवायची, म्हणजे वळणारी गाडी दिसते.

याशिवाय तीन ठिकाणी वेगळी चौकशी लागते: राष्ट्रीय महामार्ग 66 किंवा राज्यमार्गाला लागून जागा असेल तर त्या रस्त्याच्या खात्याकडे, खाडी किंवा समुद्राजवळ असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची, आणि वनजमिनीला लागून असाल तर वनखात्याकडे. वनजमिनीची हद्द तर त्यांच्या माणसासमोरच कायम करा.

हद्दीवर झाड आड येत असेल तर सरळ कुऱ्हाड चालवू नका. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, 1964 खाली आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, साग अशी झाडं अनुसूचित आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. तसंही, झाडासाठी कुंपण फूटभर आत वळवणं तोडीपेक्षा स्वस्त पडतं.

6. पाणी कुठून येतं, कुठे जातं

हा भाग मी सर्वांत जास्त जीव तोडून सांगते. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपली घरं उतारावर आहेत. वरच्या वाडीतलं सगळं पाणी तुमच्या आवारातून खाली पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं. त्याच्या आडवी सलग भिंत घातली की तुम्ही धरण बांधलं. ते पाणी एकतर भिंत ढकलून पाडतं, नाहीतर बाजूच्याच्या पडवीत शिरतं.

म्हणून कुंपणाची आखणी एका तरी पावसात छत्री घेऊन बघा. जमलं नाही तर गावातल्या कोणाला तरी जोरदार सर चालू असताना व्हिडिओ काढायला सांगा. पाणी जिथून वाहतं तिथे खुंटी मारून ठेवा.

भिंत घालायचीच असेल तर पाण्याच्या मुख्य वाटेवर मोरी, म्हणजे पाणी जायला भोक ठेवा आणि तिला गज लावा, म्हणजे पालापाचोळा अडकला तरी हाताने काढता येतो. बाकी भिंतीला जमिनीलगत, दर पाच-सहा फुटांवर तीन इंची पाइपचा तुकडा घाला, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. भिंतीच्या एका बाजूला माती उंच असेल तर ते कुंपण राहिलं नाही, मातीचा भार पेलणारी भिंत झाली. ती नऊ इंच जाडीत उभी राहत नाही. तिथे जाणत्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम काढू नका.

7. गडगा, चिरा, जाळी की झाडं

माझं मत स्पष्ट आहे: उतारावरच्या आवाराला मागे आणि बाजूंना गडगा, रस्त्याकडे चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांची भिंत, आणि जिथे दगड मिळत नाही किंवा बजेट कमी आहे तिथे खांब-जाळी. का, ते सांगते.

गडगा म्हणजे सिमेंट न वापरता रचलेली सुक्या दगडांची भिंत. तळाला दोन-अडीच फूट रुंद, वर जाता जाता निमुळती, उंची तीन-साडेतीन फूट. मोठे दगड खाली, मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, पोटात चिपा ठासून भरलेल्या. पाणी त्यातून झिरपून जातं, त्यामुळे भिंतीवर दाब येत नाही. ढासळला तर तेवढाच भाग पुन्हा रचता येतो. कातळावर तर गडग्यासारखं दुसरं काही नाही, कारण पायाच खणायचा नसतो. तोटा एकच: चांगला गडगा घालणारी माणसं कमी होत चालली आहेत. गावात एखादा साठीतला माणूस असेल तर त्याला घ्या आणि सोबत दोन तरुण पोरं द्या. दगड ब्रासवर मिळतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे लक्षात ठेवून गाडी उतरवताना ढीग मोजा.

चिऱ्याची भिंत देखणी आणि टिकाऊ. चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं. साधारण 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच धरलं, तर चार फूट उंचीला सात थर लागतात आणि शंभर फूट लांबीला सहाशेच्या आसपास चिरे. तुटफुटीचे वेगळे धरा. गाडीतला चिरा एकसारख्या रंगाचा आणि टणक आहे का बघा. पांढरट-पिवळ्या मातीच्या गाठी असलेला चिरा पावसात झिजतो. भिंतीच्या माथ्याला सिमेंटचा उताराचा थर हवा, नाहीतर पाणी वरून मुरतं.

इथे एक महत्त्वाचा हिशोब. भिंत 9 इंच असली तरी पाया दीड फुटाचा असतो, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना साडेचार इंच बाहेर. भिंतीची बाहेरची कड बरोबर हद्दीवर घेतलीत तर पाया शेजाऱ्याच्या जमिनीत साडेचार इंच गेला. म्हणून हद्दीच्या दोरीपासून सहा इंच आत भिंतीची कड धरा. गवंडी “कशाला जागा सोडता” म्हणेल. त्याचं ऐकू नका.

जाळी घेताना गेज विचारा. आकडा जितका लहान तितकी तार जाड: 8 गेजची तार सुमारे चार मिलिमीटर, 10 गेजची सव्वातीन, 12 गेजची अडीचच्या थोडी वर. माझ्या मते आवारासाठी 10 गेज योग्य. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात असाल तर जस्ताचा थर चांगला जाड असलेली जाळी मागा, आणि दुकानात जाळी वजनावर विकत असतील तर गुंडाळीचं वजन समोर करून घ्या.

आणि जिवंत कुंपण. गिरिपुष्पाचे चार-पाच फुटांचे, मनगटाएवढे दांडे मृगाच्या पावसात फूट-सव्वा फुटावर रोवले की धरतात. पाला शेताला खत होतो. पांगारा तसाच लागतो. करवंद आणि सागरगोटा काटेरी, त्यातून गुरं शिरत नाहीत. मोगली एरंड झटपट वाढतो, पण त्याच्या बिया विषारी आहेत. घरात लहान मुलं येत-जात असतील तर तो लावू नका. जाळीच्या आतून फूटभरावर ही झाडं लावली तर तीन-चार वर्षांत जाळी जुनी होईपर्यंत झाडं उभी राहतात.

रानटी जनावरांसाठी काही जण तारेत घरची वीज सोडतात. हे कधीही करू नका. त्यात गुरं मरतात, माणसं मरतात, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपण वेगळं: त्याचं यंत्र क्षणभराचे झटके देतं, धक्का बसतो पण जीव जात नाही. ते तयार यंत्रच घ्यायचं, घरी जोडून नाही, आणि बाहेर सूचनेची पाटी लावायची.

8. लांबी मोजा, गुंठ्यांवर अंदाज बांधू नका

“आमचं दहा गुंठे आहे, किती खर्च येईल?” या प्रश्नाला उत्तरच नाही. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, दहा गुंठे म्हणजे 10,890. जागा चौरस असेल तर बाजू एकशेचार फुटांची आणि घेर 417 फूट. पण तीच जागा चाळीस फूट रुंद पट्टीसारखी असेल, जशा आपल्याकडे वाटण्या होऊन झाल्या आहेत, तर लांबी 272 फूट आणि घेर 624. क्षेत्र तेच, कुंपण दीडपट.

417 फुटांचं उदाहरण धरून जाळीचं सामान काढू. आठ फुटांवर एक खांब, म्हणजे साधारण 52 खांब. चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन तिरपे टेके, आणि सरळ रेषेत दर दहा-बारा खांबांमागे टेके. खड्डा फूट बाय फूट, दोन फूट खोल. त्यात सिमेंट, वाळू, खडी यांचं एकास दोन, चार प्रमाणाचं काँक्रीट. 52 खड्ड्यांना सिमेंटची सतरा पोती लागतात, टेक्यांसकट वीस धरा. कातळ लागला तर खड्ड्यासाठी ब्रेकर लागतो आणि हिशोब बदलतो. म्हणून दर ठरवण्याआधी चार-पाच ठिकाणी पहारीने जमीन बघा.

9. वेळ आणि माणसं

सगळ्यात चांगला काळ दिवाळी ते शिमगा. त्यानंतर आंब्याचा हंगाम, तेव्हा माणसं मिळत नाहीत, आणि मेच्या शेवटी सगळ्यांनाच घाई. पावसात काँक्रीट आणि पायाचं काम काढू नका.

काम अंगावर देताना दर रनिंग फुटावर ठरवा आणि कागदावर लिहा: उंची किती, पाया किती खोल, खांब कुठल्या मापाचा, जाळीचा गेज, फाटक त्यात धरलंय की नाही, पाणी कोण मारणार, उरलेलं सामान कोणाचं. पैसे टप्प्याने द्या. पाया किंवा खांब झाल्यावर एक हप्ता, जाळी किंवा भिंत झाल्यावर दुसरा, आणि शेवटचा काही भाग पहिला पाऊस पडून गेल्यावर. मुंबईत बसून काम करून घेणार असाल तर गावातल्या विश्वासाच्या माणसाला रोज संध्याकाळी फोटो पाठवायला सांगा. विशेषतः खड्डे काँक्रीट घालण्याआधीचे, आत टेप उभी धरून. एकदा खड्डा भरला की तो दोन फूट होता की सव्वा, हे कोणीच सांगू शकत नाही.

10. प्रत्यक्ष काम

चारही कोपऱ्यांचे खांब आधी. काटकोन हवा असेल तर एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट मोजा, तिरपं अंतर दहा फूट आलं की कोन बरोबर. कोपऱ्यांवर दोरी ताणा आणि मगच मधले खड्डे मारा. दोरी ओलंब्याशी ताडून बघत प्रत्येक खांब उभा करा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारा आणि तोवर जाळी ताणू नका. हे आठवडाभर थांबणं मजुरांना परवडत नाही, ते दुसऱ्याच दिवशी ताणायला निघतात. ताण सुरू झाला की कोपऱ्याचा खांब आत वाकतो आणि मग सरळ होत नाही.

जाळीला वर, मध्ये आणि खाली अशा तीन ओळी जाड तारेच्या घ्या, त्यांना जाळी बांधा. डुकराचा त्रास असेल तर जाळीचा खालचा सहा-नऊ इंच भाग जमिनीत पुरा किंवा तळाला दगडांची ओळ पक्की बसवा. उतारावर जाळी जमिनीला समांतर ओढू नका, टप्प्याटप्प्याने घ्या, आणि टप्प्याखाली उरणारी फट दगडांनी बुजवा. झाडाला खिळे मारून तार बांधू नका. खोड तार गिळतं आणि झाड किडतं.

11. फाटक

मोठं फाटक दहा-बारा फूट, म्हणजे चिऱ्याचा टेम्पो आत येतो. त्याच्या शेजारी तीन-साडेतीन फुटांचं छोटं फाटक वेगळं ठेवा, रोजची ये-जा तिथून होते. फाटक आत उघडणारं हवं, रस्त्यावर नाही. फाटकाचे खांब बाकीच्यांपेक्षा जाड आणि तीन फूट खोल. महावितरणचा खांब, नळपाणी योजनेचा व्हॉल्व्ह किंवा मीटर आवारात येत असेल तर त्यांच्या माणसाला तुम्ही नसतानाही पोचता येईल अशी सोय करा. नाहीतर तुमच्यामुळे वाडीचं पाणी बंद.

12. दर वर्षी

पाऊस संपला की एक फेरी मारा. गडग्याचे सुटलेले दगड बसवा, मोऱ्या आणि पाइप मोकळे करा, सैल तार ताणा, गंज दिसला तिथे रंग द्या. जाळीवर चढलेले वेल उपटून काढा, कारण ओल्या वेलींच्या वजनाने वादळात अख्खी रेषा आडवी होते. गिरिपुष्प कंबरभर उंचीवर छाटा. हद्दीचे दगड जागेवर आहेत का बघा आणि मोजणीच्या दिवशीचे फोटो काढले त्याच जागांवरून नवे फोटो घ्या. ‘क’ प्रत, संमतीपत्र, ग्रामपंचायतीची पोच आणि हे फोटो एकाच फाइलमध्ये, एक संच गावी आणि एक तुमच्याकडे ठेवा.